शंखातील बिऱ्हाड

कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूत पडलेला एखादा शंख एकाएकी चालू लागतो आणि पाहणारे मूल दचकते. शंख ज्या प्राण्याने घडविला तो केव्हाच मरून गेलेला असतो. त्याच्या रिकाम्या घरात एका लहानशा खेकड्याने बिऱ्हाड केलेले असते. दुसऱ्याने बांधलेल्या आणि मोकळ्या पडलेल्या घराचा असा उपयोग करून घेण्याची युक्ती सृष्टीमध्ये एकट्या खेकड्याला साधली आहे असे मात्र नाही. आफ्रिका खंडाच्या मध्यभागी, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या एका सरोवरात काही मासेही याच रीतीने राहतात. शंख हेच त्यांचे घर, शंख हाच त्यांचा किल्ला आणि शंख हेच त्यांचे सूतिकागृह. हे मासे अंगठ्याएवढे लहान असल्याने घरच्या छोट्या काचपेटीत सुखाने नांदू शकतात, आणि म्हणून मासे पाळण्याची आवड असलेल्यांमध्ये त्यांना फार मान आहे. परंतु त्यांना खरोखर सुखाने नांदवावयाचे असेल, तर ते ज्या पाण्यातून आले त्या पाण्याची ओळख आधी करून घेतली पाहिजे.

ते सरोवर म्हणजे टांगानिका. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांचे किनारे त्याला लागतात. बर्टन आणि स्पीक हे युरोपीय प्रवासी १८५८ साली तेथे पोहोचले, आणि त्याच्याच काठच्या उजीजी गावी १८७१ साली स्टॅन्लेची व लिव्हिंग्स्टनची गाठ पडली. सरोवराची लांबी सुमारे ६७० किलोमीटर, सरासरी रुंदी सुमारे ५० किलोमीटर आणि जास्तीत जास्त खोली सुमारे १,४७० मीटर. जगातील खोल सरोवरांत बैकल पहिले आणि टांगानिका दुसरे. भूकवच दुभंगून पडलेल्या प्रचंड खचदरीत ते साचले आहे आणि त्याचे वय नऊ ते बारा दशलक्ष वर्षांचे मानले जाते. इतक्या दीर्घ काळात तेथील जीवसृष्टीला स्वतःचे असे वळण लागले. सिक्लिड या कुलातील सुमारे अडीचशे जाती या एका सरोवरात आहेत आणि त्यांतील बहुतेक सर्व जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत.

सिक्लिड हे नाव परके वाटले, तरी हे कुल भारतीयांना अगदीच अपरिचित नाही. गोव्यात व दक्षिण कोकणात ज्याला कालुंदर म्हणतात आणि केरळात जो करिमीन म्हणून आवडीने खाल्ला जातो, तो मासा याच कुलातला. १९५२ साली भारतात आणलेला आणि पुढे तळ्यातळ्यांतून पसरलेला तिलापियाही याच कुलातला. पिलांची निगा आईबापांनी स्वतः राखावी हा या कुलाचा मोठा विशेष. अंडी घालून निघून जाणे हा बहुसंख्य माशांचा रिवाज. सिक्लिडांच्या घरी मात्र पहारा असतो, राखण असते आणि प्रसंगी भांडणही असते.

आता शंखांकडे वळावे. टांगानिकात निओथॉमा नावाची एक गोगलगाय राहते. ती मेली की तिचा शंख तळाशी पडतो. पाणी मृदू किंवा आम्लधर्मी असते, तर असा शंख हळूहळू विरघळून गेला असता, कारण तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच, बनलेला असतो. परंतु या सरोवराचे पाणी क्षारयुक्त आणि अल्कधर्मी आहे. पाण्याची आम्लता वा अल्कता ज्या मापाने मोजतात त्या मापाने, म्हणजे सामूने, ते ९ च्या आसपास भरते. अशा पाण्यात शंख विरघळत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे शंख साठत जातात आणि उथळ तळावर त्यांचे विस्तीर्ण थर तयार होतात. त्यांतील कित्येक शंख शेकडो वर्षांपूर्वीचे असल्याचे तपासणीत आढळले आहे. भोवती उघडी वाळू, लपावयास ना खडक ना वनस्पती, आणि वर भक्षक माशांची सतत येजा. अशा स्थितीत तो रिकामा शंख हाच काय तो आसरा. ज्या माशांचे शरीर त्यात मावण्याइतके लहान राहिले ते तगले. येथे घराने घरमालकाचा आकार ठरविला आहे.

याचे सर्वांत नवलाचे उदाहरण लॅम्प्रोलोगस कॅलिप्टेरस या जातीत दिसते. यातील मोठा नर रिकामे शंख तोंडात धरून आणतो आणि त्यांचा ढीग रचतो. त्या शंखांत माद्या येऊन अंडी घालतात. शंख उचलण्यासाठी नराला मोठे असावे लागते आणि शंखात शिरण्यासाठी मादीला लहान राहावे लागते. परिणामी नराचे वजन मादीच्या सुमारे बारापट असते. नर मादीपेक्षा इतका मोठा असल्याचे दुसरे उदाहरण प्राणिसृष्टीत आढळलेले नाही. याच जातीत मादीहूनही लहान असे खुजे नर असतात. ते गुपचूप शंखात शिरून मादीच्याही पलीकडे आतल्या वळणात दडी मारून बसतात आणि अंडी फलित करण्यात आपला वाटा साधतात. नर मोठा होणार की खुजा राहणार हे पित्याकडून आलेल्या वारशाने ठरते, असे संशोधनाने दाखविले आहे.

घरच्या काचपेटीत मात्र कॅलिप्टेरस सहसा ठेवीत नाहीत. त्याचा नर बराच मोठा होतो. घरासाठी दोन जाती विशेष योग्य ठरल्या आहेत. पहिली निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. हिचे वर्णन बुलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने १९०६ साली केले. फिकट अंगावर तपकिरी उभे पट्टे असलेला हा मासा जगातील सर्वांत लहान सिक्लिडांपैकी एक आहे. नर साडेचार सेंटिमीटरांच्या आत-बाहेर आणि मादी त्याहून लहान. एका कुटुंबात पंधरा-वीसपर्यंत मासे एकत्र नांदतात. मोठी झालेली पिलेही लगेच घर सोडीत नाहीत आणि धाकट्या भावंडांच्या शेजारीच राहतात. जुन्या चाळीतील एकत्र कुटुंबाचीच ती प्रतिमा म्हणावी. दुसरी जात लॅम्प्रोलोगस ऑसेलेटस. हा थोडा मोठा, वाटोळ्या डोळ्यांचा, कल्ल्याच्या झाकणावर सोनेरी कडेचा ठिपका असलेला आणि स्वभावाने अधिक तापट. याच्या एका नराबरोबर दोन-तीन माद्या ठेवाव्यात. दुसरा नर लहान पेटीत ठेवू नये, कारण पराभूताला पळून जाण्यास तेथे जागाच नसते.

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशी पेटी काठोकाठ भरली तर तीत ५४ लिटर पाणी मावते. वाळू आणि शंख घातल्यावर प्रत्यक्षात ४५ लिटर राहिले तरी पुष्कळ. या माशांना उंचीपेक्षा तळाचे क्षेत्र महत्त्वाचे. तळाशी बारीक वाळूचा पाच ते सात सेंटिमीटरांचा थर द्यावा आणि ती वाळू आधी निवळ पाणी निघेपर्यंत धुऊन घ्यावी. खडबडीत खडी येथे उपयोगाची नाही, कारण वाळू उकरणे हा या माशांचा नित्याचा व्यवसाय आहे. ऑसेलेटस आपला शंख आडवातिडवा पडू देत नाही. त्याच्या खालची वाळू तोंडाने उपसून, शेपटीने उडवून तो शंख जमिनीत उतरवितो आणि फक्त तोंड उघडे ठेवून बाकीचा भाग बुजवून टाकतो. मल्टिफॅसिएटस तर सगळी वाळू उपसून शंखांभोवती खड्डे करतात. आज नीट सपाट केलेली वाळू उद्या सकाळी टेकड्या-दऱ्यांची झालेली दिसेल. ती पुन्हा सारखी करण्याच्या भरीस मालकाने पडू नये. ती त्यांची नगररचना आहे.

शंख कोठले आणावेत? निओथॉमाचे शंख भारतात मिळणे अवघड, पण त्यावाचून अडत नाही. भातखाचरांत आणि तळ्यांत आढळणाऱ्या मोठ्या गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे रिकामे शंख उत्तम चालतात. त्यांचे तोंड रुंद, कडा बोथट आणि आतली वळणे ऐसपैस असतात. केवळ रिकामे पडलेले शंखच वेचावेत. शंखासाठी जिवंत गोगलगाय मारण्याचे काही कारण नाही. आणलेले शंख उकळून, आत मांसाचा अंश उरला नाही याची खात्री करून घ्यावी, कारण कुजणारा एक शंखही लहान पेटीतील पाणी नासवू शकतो. समुद्रातील निमुळत्या, धारदार तोंडाच्या शंखांत मासा अडकण्याचा संभव असतो. शिवाय काही सागरी शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही ध्यानात ठेवावे. शंखांची संख्या माशांच्या संख्येच्या दुप्पट-तिप्पट असावी. घरे कमी पडली की माणसांप्रमाणे माशांतही तंटे माजतात.

पाण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि येथे भारतातील निरनिराळ्या गावांची स्थिती निरनिराळी आहे. ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो ते सुफेन आणि ज्यात येत नाही ते दुष्फेन, हे शाळेत शिकविले जाते. बहुतेक शोभेच्या माशांना सुफेन पाणी मानवते. टांगानिकाच्या माशांचे उलट आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून येणारे नळाचे पाणी सुफेन असते. ते या माशांसाठी घडवावे लागते. दख्खनच्या पठारावर, हैदराबादेत किंवा चेन्नईत विंधनविहिरीचे जे दुष्फेन पाणी गृहिणीच्या डोळ्यांत पाणी आणते, तेच या माशांना बहुधा मानवते. सुफेन पाण्यात प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा गाळणीत ठेवल्यास तो मंद गतीने विरघळून पाण्यात क्षार सोडतो. तथापि त्याने सामू आठाच्या आसपास येऊन थांबतो, आणि त्याहून वर न्यावयाचा असल्यास खाण्याचा सोडा अगदी मोजून वापरतात. पण पिढ्यान्‌पिढ्या पेटीत वाढलेले हे मासे आठाच्या थोडे वर असलेल्या पाण्यातही चांगले राहतात. अचूक आकड्यापेक्षा पाण्याचे स्थैर्य अधिक मोलाचे. आज साडेसात, उद्या नऊ, अशा हेलकाव्यांनी मासे खचतात.

आता ज्या गोष्टीच्या अज्ञानामुळे हा छंद पहिल्याच महिन्यात शोकांत होतो, ती सांगितली पाहिजे. मासे श्वासाबरोबर आणि विष्ठेबरोबर अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजले की त्यातूनही तोच निघतो. तळ्यात किंवा सरोवरात विशिष्ट जीवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास या जीवाणूंवर प्रकाश टाकला. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. अमोनिया आणि नायट्राइट मात्र विषारी. नव्या पेटीत हे जीवाणू पुरेशा संख्येने नसतात आणि त्यांची वसाहत उभी राहण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पेटी विकत घेतली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, तर ते स्वतःच्याच मलाने विषबाधा होऊन मरतात. दुकानदाराला दोष दिला जातो, नशिबाला दिला जातो. खरा दोष घाईचा असतो.

शंखवासी माशांच्या बाबतीत हा धोका अधिकच गंभीर आहे. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो, आणि त्यांपैकी विद्युत्भाररहित रूप अधिक घातक. पंचवीस अंश तपमानाला सामू ७ असता एकूण अमोनियापैकी शेकडा अर्धा भागच या घातक रूपात असतो. सामू ८ झाला की तो शेकडा पाच होतो, आणि ९ झाला की शेकडा पस्तीसच्या आसपास जातो. म्हणजे जेवढी घाण साध्या माशांच्या पेटीत खपून जाईल, तेवढीच घाण या पेटीत प्राणघातक ठरू शकेल. जे अल्कधर्मी पाणी या माशांचे जीवन, तेच निष्काळजी हाती विष होते. यास्तव मासे आणण्यापूर्वी पेटी महिना-दीड महिना चालू ठेवावी, जुन्या निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा गाळणीत ठेवून जीवाणूंचे बी पेरावे, तो मिळाला नाही तर पाण्यात अमोनियाचा थोडा अंश घालून त्यांचे पोषण करावे, आणि चाचणीच्या द्रावणांनी अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री करून मगच मासे सोडावेत.

नित्याची व्यवस्था त्यानंतर फारशी कष्टाची नाही. हवेच्या पंपावर चालणारी साधी स्पंजाची गाळणी पुरते. तिच्या सौम्य ओढीने लहान पिले आत खेचली जात नाहीत. आठवड्यातून एकदा चौथाई पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन घालविण्यासाठी, छायाचित्रकारांना हायपो म्हणून माहीत असलेले सोडियम थायोसल्फेट वापरतात. स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरिनने तेच उपयुक्त जीवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून विद्युत्घटावर चालणारा लहान पंप घरी असावा. तपमान चोवीस ते सत्तावीस अंश असावे. नागपूरच्या किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात ते कितीतरी वर जाते, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पृष्ठभागावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी काही अंश थंड होते. मात्र बाष्प होऊन फक्त पाणी जाते, क्षार मागे राहतात. म्हणून घटलेल्या पाण्याची भरपाई दुष्फेन पाण्याने न करता क्षाररहित पाण्याने करावी.

अन्न बारीक आणि थोडे असावे. चुरलेली कोरडी गोळी, गोठविलेली डॅफ्निया, आणि मिठाच्या पाण्यात अंडी घालून दीड-एक दिवसात उबविता येणारी आर्टेमियाची पिले ही त्यांची आवडती. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढेच द्यावे.

मल्टिफॅसिएटसची वसाहत सहा-आठ तरुण माशांपासून सुरू करतात, कारण कोवळ्या वयात नर-मादी ओळखता येत नाहीत. काही महिन्यांनी एखादी मादी आपल्या शंखाच्या तोंडाशी अधिकच दक्षतेने बसलेली दिसते. अंडी आतल्या वळणात असतात, म्हणून ती कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. मग एके दिवशी शंखाच्या कडेवर पापणीच्या केसाएवढी पिले हालताना दिसतात. हात पेटीत घातला तर तळहाताएवढीही नसलेली ती आई त्या हातावर चालून येते. पाळणाऱ्याला मिळणारे याहून मोठे बक्षीस नाही. मात्र एक सावधगिरी घ्यावी. भय वाटले की हे मासे शंखात शिरतात. सफाईच्या वेळी शंख बाहेर काढून ठेवला आणि आत मासा राहिला, तर तो तेथेच मरतो. प्रत्येक शंख पाण्यातच तोंड खाली करून, हलवून, रिकामा असल्याची खात्री केल्यावाचून बाहेर काढू नये.

वसाहत जोमाने वाढू लागली की दुसरा प्रश्न उभा राहतो. वाढलेल्या माशांचे काय करावे? ते दुसऱ्या छंदिष्टांना द्यावेत. चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या शोभेच्या माशांच्या बाजारपेठा आणि गावोगावचे दुकानदारही ते घेतात. परंतु ते नदीत, तलावात किंवा देवळाच्या कुंडात सोडणे हे भूतदयेचे कृत्य नव्हे. आपल्या पाण्यात ते बहुधा मरतील, आणि एखादी जात जगलीच तर ती स्थानिक माशांच्या मुळावर येईल. तिलापिया आणि पेटीतून सुटलेला दक्षिण अमेरिकेतील तळखाऊ मासा यांनी भारतीय जलाशयांत काय केले आहे, हे मच्छीमारांना विचारावे. त्याचप्रमाणे हे मासे विकत घेताना पेटीत जन्मलेलेच घ्यावेत. ते इतक्या सहज वाढतात की सरोवरातून धरून आणण्याची गरज उरलेली नाही.

कारण त्या सरोवरावरही आता ताण आहे. काठच्या डोंगरांवरील झाडी तुटल्याने माती धुपून पाण्यात येते आणि शंखांचे थर व खडक गाळाखाली जातात. पाणी हळूहळू तापत असून, त्यामुळे वरचे आणि खालचे थर मिसळण्याची क्रिया मंदावली आहे, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. खालच्या थरांतील पोषक द्रव्ये वर आली नाहीत की सूक्ष्म वनस्पती घटतात, आणि त्यांच्यावर जगणारे मासे व त्या माशांवर जगणारी काठची माणसे यांच्या ताटातील घास घटतो.

टांगानिकात सुमारे १९ हजार घनकिलोमीटर पाणी आहे. तेथे एका माशाने केलेली घाण कोठल्या कोठे विरून जाते. घरच्या पेटीत ४५ लिटर पाणी असते, आणि ती घाण विरून जाण्यास दुसरी जागा नसते. सरोवर जे काम स्वतःच्या विस्ताराने करते, ते येथे मालकाच्या नियमितपणाने करावे लागते. आठवड्याची एक बादली न चुकता, उन्हाळ्यातही आणि सणासुदीच्या धांदलीतही. ज्याला एवढे जमते, त्याच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लक्षावधी वर्षांच्या सरोवराचा एक तुकडा जिवंत राहतो. ज्याला ते जमण्यासारखे नसेल त्याने शंख देवघरात ठेवावा. तेथेही तो शोभतोच.